माजघरांतील गप्पा : वहींत न बसलेला शब्द

रात्रीचीं जेवणें आटोपलीं, उष्टीं-खरकटीं निघालीं, कीं आमच्या घरीं एक न्यायासन मांडलें जातें. न्यायाधीश आमचे नाना, वय वर्षें ८४. न्यायासन म्हणजे माजघरांतील झोपाळा. वकील, अशील आणि प्रेक्षक म्हणजे उरलेलीं आम्ही अकरा माणसें. आणि खटला म्हणाल, तर त्या दिवशींच्या वर्तमानपत्रांतील एक शब्द. ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं त्याची रीत प्रथम सांगतों. कारण या महिन्यांत जें सांगावयाचें आहे तें त्या रीतींतच अडकलेलें आहे.

घरांतलें सर्वांत धाकटें मूल डोळे मिटून पहिल्या पानावर बोट ठेवतें. सध्यां हा मान माझ्या बारा वर्षांच्या पुतणीकडे आहे. बोटाखालीं येईल तो त्या रात्रीचा शब्द. 'आणि', 'परंतु', 'म्हणाले' असलें कांहीं आलें तर बोट एक शब्द पुढें सरकतें. क्रियापद आलें तर त्याचें मूळ रूप धरावयाचें. मग प्रत्येकानें पाळीपाळीनें तीन गोष्टी द्यावयाच्या : शब्दाचा एखादा अर्थ अथवा प्रतिशब्द, त्याच कुळांतला दुसरा एखादा शब्द, आणि एक वाक्य. एकानें सांगितलेलें दुसऱ्यानें सांगावयाचें नाहीं. मान्य झालेल्या उत्तरास एक चिंचोका. मान्य कीं अमान्य हें नाना ठरवितात. त्यांच्या उजव्या हाताशीं मोल्स्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि डाव्या हाताशीं आपट्यांचा संस्कृत कोश असतो. मी कारकून. रोजचा शब्द, कोणीं काय सांगितलें आणि चिंचोके किती, हें वहींत टिपून ठेवण्याचें काम गेलीं १९ वर्षें माझ्याकडे आहे. सध्यां सातवी वही चालूं आहे.

खेळ शब्दाचा खरा, पण शब्द वर्तमानपत्रांतला असल्यामुळें त्याचें शेंपूट धरून बातमीहि घरांत शिरते. 'व्याजदर' आला कीं बँकेंतून निवृत्त झालेले थोरले दादा तासभर आवरत नाहींत. 'स्थगिती' आला त्या रात्रीं पाहुणा म्हणून आलेल्या आमच्या वकील आत्येभावानें पाऊण तास घेतला आणि चिंचोका एकच मिळविला. आईचें म्हणणें असें कीं शब्द हें नुसतें निमित्त. तो नसता तर आम्ही सगळे आपापल्या मोबाईलचें तोंड पाहत बसलों असतों. तें खोटें नाहीं.

चिंचोके कां, पैसे कां नाहींत, असें नवा माणूस विचारतोच. त्याला कारण आमचे आजोबा. त्यांना बक्षिसाचीं शब्दकोडीं भरण्याचा नाद होता. त्या काळीं कोड्यांच्या मागें लोक इतके लागले होते कीं १९४८ सालीं मुंबई सरकारनें आणि पुढें १९५५ सालीं मध्यवर्ती सरकारनें त्यांवर कायदा केला. दुसऱ्या कायद्यानें महिन्याच्या एकूण बक्षिसास १,००० रुपयांची मर्यादा घातली. आजोबांना पहिलें बक्षीस कधीं लागलें नाहीं. मात्र प्रवेश-फीच्या पायीं आजीची एक पाटली गेली, असें आत्या सांगे. नानांनीं शब्दाची गोडी वडिलांकडून घेतली आणि पैशाचा नाद तेवढा मागें ठेवला.

या खेळाला घरांतच एक प्रतिस्पर्धी आहे. थोरली पुतणी सकाळचा चहा घेतांना मोबाईलवर 'वर्डल' नांवाचा इंग्रजी खेळ खेळते. पांच अक्षरांचा एक शब्द ओळखावयाचा, सहा प्रयत्नांत. अक्षर योग्य जागीं पडलें तर हिरवें, शब्दांत आहे पण जागा चुकली तर पिवळें. दिवसाला एकच शब्द आणि साऱ्या जगाला तोच. जॉश वॉर्डल नांवाच्या अभियंत्यानें हा खेळ आपल्या जोडीदारीण पलक शाह हिच्यासाठीं तयार केला. १ नोव्हेंबर २०२१ रोजीं तो खेळणारीं माणसें होतीं ९०. दोन महिन्यांनीं तीं तीन लक्ष झालीं. आणि जानेवारी २०२२ अखेर 'न्यूयॉर्क टाइम्स'नें तो विकत घेतला. याच पत्रानें १९२४ सालीं शब्दकोडें म्हणजे वेळेची पापमय नासाडी होय अशा अर्थानें नाक मुरडलें होतें! शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. लिव्हरपूलहून अमेरिकेस गेलेल्या आर्थर विन यानें 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या पुरवणींत पहिलें कोडें छापलें. सर्व जग कोडीं सोडवूं लागलें तरी 'टाइम्स' २८ वर्षें हटून बसला, आणि युद्धाच्या बातम्यांनीं वाचक त्रासून गेले तेव्हां, १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं, त्यानें पहिलें कोडें छापलें. बातमी सोसेना म्हणून कोडें! आमच्या घरीं नेमकें उलट; कोड्यांतून बातमी.

नानांना या परदेशी खेळाची एकच गोष्ट मनापासून आवडली. इंग्रजींत पांच अक्षरांचे शब्द सुमारे १२,०००. त्यांतले पुष्कळसे कोणाच्या कधीं कानांवरून न गेलेले. तेव्हां पलकबाईंनीं ती सारी यादी वाचून ओळखीचे कोणते व अनोळखी कोणते याची निवड केली, आणि खेळांत सुमारे २,५०० शब्द राहिले. "म्हणजे आपल्यासारखंच," नाना म्हणाले. "घरांतल्या एका माणसाला ठाऊक तो शब्द खरा." त्या वेळीं आम्ही सारे हंसलों. आज तें वाक्य वहींत वाचतांना हंसूं येत नाहीं.

पुतणीनें एकदां मराठींत पंचाक्षरी खेळ करण्याचा घाट घातला होता. तो पहिल्याच रात्रीं अक्षरांच्या मोजणीवर मोडला. 'स्वातंत्र्य' या शब्दांत अक्षरें किती? नानांच्या मतें तीन. इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या धाकटीनें स, व, काना, त, अनुस्वार अशी सुरुवात करून दहाच्या आसपास नेऊन पोंचविलीं. 'कि' हा 'क' च्या जागीं बसला तर त्याला हिरवें म्हणावें कीं पिवळें, यावर दादा व त्यांचा मुलगा यांचा खटका उडाला, आणि आईनें दिवा मालवला.

शब्द निवडणाऱ्याच्या मनांत नसतांहि बातमी खेळांत कशी येऊन बसते, याचा एक मासला पुतणीनेंच सांगितला. मे २०२२ च्या आरंभीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा गर्भपाताच्या हक्कासंबंधींचा मसुदा बाहेर फुटला आणि तो देश खवळून उठला. बरोबर एका आठवड्यानें, ९ मे रोजीं, वर्डलचें उत्तर निघालें 'गर्भ' याच अर्थाचा इंग्रजी शब्द. तो आदल्या वर्षींच यादींत घातलेला होता. योगायोग, दुसरें कांहीं नाहीं. तरी पत्रानें घाईघाईनें तो बदलला, आणि ज्यांच्या यंत्रांत जुनी यादी राहिली होती त्यांनाच तो दिसला. त्याहून जुनी गोष्ट १९४४ ची. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'मधील कोड्यांत मे महिन्यांत 'यूटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी' आणि १ जूनला 'नेपच्यून' असे शब्द उत्तर म्हणून आले. नॉर्मंडीवरील स्वारीचीं हीं गुप्त सांकेतिक नांवें, आणि स्वारी ६ जूनला व्हावयाची! हेर-खात्याचे अधिकारी कोडें रचणाऱ्या लिओनार्ड डॉ नामक मुख्याध्यापकाच्या दारीं उभे राहिले. बिचाऱ्यास कांहींच ठाऊक नव्हतें. पुढें ४० वर्षांनीं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितलें कीं हेडमास्तर कोड्याच्या चौकटी मुलांकडून भरून घेत, आणि मुलांनीं ते शब्द जवळच्या छावणींतील शिपायांच्या तोंडून उचलले होते.

हें सारें लांबण वाटेल; पण शब्द घरांत कोणाच्या तोंडून येतो आणि कोणाच्या परवानगीनें राहतो, हाच आजचा विषय आहे.

मे २०२४ मध्यें थोरल्या पुतण्याचें लग्न झालें. सूनबाई परांडा तालुक्यांतल्या, सीना नदीच्या कांठच्या एका गांवच्या. शेतीशास्त्रांत एम. एस्सी. झालेली, पुण्यांत मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेंत कामाला. ती आमच्या ज्ञातींतली नव्हे. त्यावर घरांत जें बोलणें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें, आणि लग्न थाटानें झालें. पहिल्याच आठवड्यांत नानांनीं तिला झोपाळ्यासमोर बसवून खेळाचे नियम समजावून सांगितले आणि चिंचोक्यांसाठीं तिच्या नांवाची एक डबीहि आणविली. आपल्याकडून कांहींहि उणें राहिलें नाहीं, असें आम्हां सर्वांस वाटत होतें.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. बंगाली, असमिया, पाली व प्राकृत यांसहि त्याच दिवशीं. दुसऱ्या दिवशीं धाकटीनें डोळे थोडे उघडे ठेवूनच 'अभिजात' या शब्दावर बोट ठेवलें. नानांनीं तें पाहून न पाहिल्यासारखें केलें. रात्र रंगली. आपट्यांच्या कोशांत 'अभिजात' म्हणजे कुलीन, चांगल्या घराण्यांत जन्मलेला. मग योग्य, सुंदर, विद्वान. "भाषेला कुल कुठलं?" असें वहिनींनीं विचारलें, आणि नाना खुलले. रंगनाथ पठारे यांच्या समितीनें २०१३ सालीं दिलेला अहवाल, नाणेघाटांतील शिलालेख, सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेली 'गाथासप्तशती', असें करीत करीत ते रात्रीं साडेदहापर्यंत बोलत होते. ती गाथा महाराष्ट्री प्राकृतांत आहे आणि तींत राजेरजवाडे थोडे. नांगऱ्ये, शेतकरी, त्यांच्या बायका, गांवचे पाटील, नदीकांठ, पिकांची राखण हींच माणसें आणि हींच स्थळें. म्हणजे आपल्या भाषेचें कुल सिद्ध करावयास आपण साक्षीदार बोलाविले ते शेताच्या बांधावरून. हें नानांनींच सांगितलें, आणि फार सुंदर सांगितलें.

तीन-चार दिवसांनीं शब्द आला 'क्षेत्र'. तीर्थक्षेत्र, क्षेत्रफळ, कुरुक्षेत्र, क्षेत्रज्ञ झाले. 'शेत' हा त्याच शब्दाचा घरगुती अवतार, हें धाकटीला सांगून झालें. सूनबाईची पाळी आली. ती म्हणाली, "वावर."

नाना मंद हंसले. "तें गांवाकडचं बोलणं, सूनबाई. इथं आपण ग्रंथांतली मराठी घेतों."

कोणी टोंचून बोललें नाहीं. हंसले सारे, मीहि हंसलों, तीहि हंसली. नानांचा हात कोशाकडे गेला नाहीं. गरजच वाटली नाहीं कोणाला. मीं वहींत लिहिलें : 'वावर — अमान्य.'

त्यानंतरचीं पानें मीं अलीकडे चाळलीं. सूनबाईच्या नांवापुढें 'पास', 'पास', 'पास'. मधूनच एखादें बिनचूक पुस्तकी उत्तर, आणि त्याबद्दल एक चिंचोका. ती रोज खेळास बसत होती. वाढणें, आवरणें, नानांना रात्रींची गोळी देणें, सगळें पहिल्यासारखेंच. शिवाय मी कारकून. रकाना रिकामा दिसला तर विचारण्याचें काम माझें होतें. मीं तें अकरा महिने केलें नाहीं.

सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धांत मराठवाड्यांत आणि सोलापूर जिल्ह्यांत जो पाऊस झाला तो वाचकांच्या स्मरणांत असेल. सीना पात्र सोडून वाहूं लागली. पहिल्या दोन रात्रीं आमच्या येथें शब्द निघाले 'विसर्ग' आणि 'अतिवृष्टि'. 'विसर्ग' शब्दावर तर व्याकरणांतला विसर्ग आणि धरणांतला विसर्ग अशी बहारच झाली. दादांनीं धरणाच्या दरवाजांविषयीं भाषण केलें. सीनेचें नांव तीनदां उच्चारलें गेलें. सूनबाई दोन्ही रात्रीं 'पास' म्हणाली आणि दोन्ही रात्रीं फोन वाजला म्हणून उठून गॅलरींत गेली.

तिसऱ्या रात्रीं धाकटीचें बोट 'खरडून' या शब्दावर पडलें. मूळ रूप 'खरडणें'. अशा शब्दांत आमच्या घराला मोठा उत्साह. घाईनें वाईट अक्षरांत लिहिणें, असा अर्थ दादांनीं दिला आणि खर्डेघाशी हा शब्द जोडला. बँकेंत ३० वर्षें तीच केली म्हणाले. भांड्याच्या बुडाशीं लागलेलें काढणें, हा अर्थ आईचा. तिची खरवड मान्य झाली आणि सर्वांच्या तोंडास पाणी सुटलें. वहिनींनीं खरडपट्टी काढली. मीं मसुदा या अर्थीं खर्डा दिला. धाकटीनें मिरचीचा खर्डा आणला. पुतण्या त्या रात्रीं कामावर होता. त्याच्या जागीं बसलेल्या दुसऱ्या पुतण्यानें ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई आणून उभी केली. नानांनीं ती अमान्य केली, पण मग परशुरामभाऊ पटवर्धन, निजामाची दाणादाण आणि नाना फडणविसांचा तो उत्कर्षाचा क्षण यांत आणखी दहा मिनिटें गेलीं. खर्डें गांव परांड्याहून फार लांब नाहीं, हेंहि कोणीतरी म्हणालें. म्हटलें त्यानेंहि सूनबाईकडे पाहिलें नाहीं.

मी तिचा 'पास' लिहावयास लेखणी टेकली होती. ती म्हणाली, "आजोबा, माझी पाळी आहे ना?"

"आहे कीं. बोल."

"खरडणं म्हणजे जमिनीच्या वरची माती निघून जाणं. पीक झोपतं, सडतं, तें वेगळं. नदी पात्र सोडून रानांतून धांवते तेव्हां पाण्याचा जोर मातीच उचलतो. हात-दीड हात काळी माती जाते आणि खालचा मुरूम उघडा पडतो. कुठं कुठं दगड. बांध राहत नाहीं, म्हणून कोणाचं कुठपर्यंत तें कळत नाहीं. ठिबकच्या नळ्या जातात, विहीर गाळानं भरते. पीक गेलं तर पुढच्या हंगामाला पेरतां येतं. माती गेल्यावर पेरायचं कशांत?" मग जरा थांबून म्हणाली, "त्याच कुळांतला शब्द माझ्याजवळ नाहीं."

कोणी कांहीं बोललें नाहीं. धाकटीला तें कळण्याचें वय नव्हतें. संवयीनें तिनें विचारलें, "आणि वाक्य?"

"आमचं वावर खरडून गेलं."

झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती. नानांनीं पाय टेकून ती थांबविली.

"किती?" त्यांनीं विचारलें.

"साडेचार एकर. नदीकडचं सगळं."

"माणसं?"

"माणसं बरी आहेत. गांवच्या शाळेंत आहेत. जनावरं आप्पांनीं आधींच सोडून दिलीं होतीं. दोन परत आलीं, एक गाय नाहीं आली."

हें तिला दोन दिवसांपासून ठाऊक होतें. त्या दोन दिवसांत तिनें दोन्ही वेळां आम्हांस वाढलें होतें, आणि 'विसर्ग' या शब्दाच्या व्युत्पत्तीवर आम्ही तिच्यासमोर हंसलों होतों. पुतण्याला ती बोलली होती. त्यानें घरांत सांगूं म्हटलें तर तिनेंच, नानांना रात्रींची झोंप लागत नाहीं, पाणी ओसरल्यावर सांगूं, असें म्हणून थांबविलें होतें. वर्ष-सवावर्ष ती आमच्या घरांत होती. तिच्या वडिलांची जमीन किती, नदीपासून किती लांब, तींत काय पिकतें, हें आमच्यांपैकीं कोणीहि तिला कधीं विचारलें नव्हतें. सातवाहन राजांविषयीं मात्र आम्हांला बरेंच ठाऊक होतें.

नानांनीं धाकटीला कोश उघडावयास सांगितला. "व काढ. वावर बघ." तिला वेळ लागला, देवनागरी कोशांत शब्द शोधण्याची तिला संवय नाहीं. कोणी मदत केली नाहीं. अखेर तिनें बोट ठेवलें. 'वावर', नपुंसकलिंगी, अर्थ शेत. मोल्स्वर्थच्या कोशाची पहिली आवृत्ति १८३१ ची, दुसरी १८५७ ची. आमच्या घरीं आहे ती त्या दुसऱ्या आवृत्तीचें पुनर्मुद्रण. नाना तो कोश गेलीं पन्नास वर्षें वापरीत आहेत.

"गेल्या वर्षीची वही आण," नाना मला म्हणाले. मीं आणली. त्यांचा हात आतां कांपतो. त्यांनीं माझी लेखणी घेतली आणि 'अमान्य' मधला 'अ' तेवढा खोडला. चिंचोका काढून सूनबाईपुढें धरला. तिनें तो घेतला आणि डबींत टाकला. त्यावर ती कांहीं बोलली नाहीं, आणि बोलावें असें कांहीं नव्हतेंहि.

मग नानांनीं तिला फोन लावावयास सांगितला. लग्नानंतर व्याह्यांशीं ते स्वतः होऊन प्रथमच बोलत होते. "व्याहीबुवा, मी पुण्याहून बोलतोंय, तुमच्या लेकीचा आजेसासरा," असें म्हणून ते थांबले. पुढें काय बोलावें हें त्यांना सुचेना. आप्पाच बोलूं लागले. खरडलेलें साडेचार एकर, त्याशिवाय वरच्या अंगाचें दीड एकर चिबड होऊन बसलें आहे. नानांनीं विचारलें, "चिबड म्हणजे?" आप्पांनीं समजावून सांगितलें : पाणी मुरत नाहीं, निघत नाहीं, जमीन आंतून भिजून बसते, नांगर घालतां येत नाहीं, तसेंच राहिलें तर क्षार वर येतात. नाना मधूनमधून "बरं", "हं" म्हणत होते, जसे आम्ही लहानपणीं त्यांच्या शिकवणीला म्हणत असूं. फोन वीस मिनिटें चालला. मीं तो शब्द वहींत घेतला; चिंचोका कोणाला द्यावयाचा हें ठरलें नाहीं.

दादांनीं त्या रात्रीं भाषण केलें नाहीं. कागद घेऊन हिशेब मांडला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. फूटभर माती परत घालावयाची म्हटली तर ४३,५६० घनफूट. ब्रास १०० घनफुटांचा. म्हणजे एकरीं ४३५ ब्रासांहून अधिक. साडेचार एकरांना सुमारे १,९६०. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत साधारण एक ब्रास बसतो असें धरलें तर जवळजवळ दोन हजार खेपा. आणि एवढी चांगली माती आणावयाची कोठून? तलावांतला गाळ, असें सूनबाईनें सांगितलें, पण तलावहि त्या वर्षीं कांठोकांठ भरलेले. तिनें प्रयोगशाळेंतल्या रीतीप्रमाणें एक गोष्ट आणखी समजावून सांगितली : गाळ घातला म्हणजे जमीन झाली असें नव्हे, त्यांत जीव धरावयास वर्षें जातात, आणि निसर्गावर सोडलें तर बोटभर माती तयार होण्यास शतकें लागतात. दादा कागदाकडे पाहत राहिले. कर्जाच्या अर्जांवर त्यांनीं आयुष्यभर 'जमीन, जिरायत, इतके एकर' असें वाचलेलें; तिची जाडी कधीं मोजली नव्हती.

७ ऑक्टोबर २०२५ रोजीं राज्य सरकारनें ३१,६२८ कोटि रुपयांची मदत जाहीर केली. तींत पिकांच्या नुकसानीहून निराळें, 'खरडून गेलेली जमीन' असें स्वतंत्र सदर होतें. दुसऱ्या दिवशींच्या पत्रांत धाकटीनें तो शब्द पाहिला आणि ओरडलीच, "आपला शब्द!" नियमाप्रमाणें येऊन गेलेला शब्द पुन्हां घेत नाहींत; तिनें बोट दुसरीकडे ठेवलें.

दिवाळींत पुतण्या आणि सूनबाई गांवीं गेलीं. निघतांना नानांनीं सूनबाईच्या हातीं फराळाच्या डब्याबरोबर एक कोरी वही दिली. "आप्पांना म्हणावं, सवड होईल तेव्हां लिहा. मातीचे, पाण्याचे, जनावरांचे, जे असतील ते शब्द. अर्थहि लिहा, म्हणजे मला विचारायला नको." सवड होण्याचे ते दिवस नव्हते, हें त्यांनाहि ठाऊक असावें, कारण दिल्यावर त्यांनीं वही परत मागून घेतली आणि थोड्या वेळानें पुन्हां दिली.

भाऊबीज झाल्यावर सूनबाई एकटीच परतली; पुतण्यानें रजा वाढविली आणि बांध घालावयास तेथेंच राहिला. तिनें वही आणली. पेन्सिलीनें लिहिलेले ३७ शब्द आहेत, अक्षर ठसठशीत, अर्थ एकेका ओळीचे. तेव्हांपासून आमचा खेळ दोन पानांवर चालतो : एक रात्र वर्तमानपत्राचें पान, एक रात्र आप्पांचें. आप्पांच्या पानाच्या रात्रीं झोपाळ्यावर सूनबाई बसते आणि नाना खालीं सतरंजीवर, आमच्या रांगेंत. परवां त्यांना एक शब्द आला नाहीं. "पास," ते म्हणाले, आणि मीं तें लिहिलें.

आजवर त्यांतले २२ शब्द झाले. एकोणीस मोल्स्वर्थांत सांपडले, तीन सांपडले नाहींत. ते दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त पाहावे असें नानांचें म्हणणें. त्याचे सात खंड आमच्या माळ्यावर ट्रंकेंत आहेत. माळ्यावर चढूं शकणारा माणूस मात्र सध्यां परांड्याला माती ओढतो आहे.